हळू ऐकायचंय ना? मग स्पीकरही हळू वाजवूनच निवडा

रात्री साडेदहानंतर, घर झोपलेलं असताना, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तासभर गाणं ऐकायचं आहे. एवढंच काम असेल तर स्पीकरबद्दल मिळणारा निम्मा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. 'बास दणकून आहे का', 'गच्चीवर पुरेल का', 'किती वॅट' हे सगळे मोठ्या आवाजाचे प्रश्न. हळू ऐकण्याचं गणित वेगळं, आणि ते दुकानात कुणी सांगत नाही, कारण हळू वाजवून दाखवलं तर स्पीकर खपत नाहीत. बजेट ठरलंय, डाव्या-उजव्या अशा दोन पेट्यांची जोडीच घ्यायची आहे, ठेवायची जागा टेपने मोजून झाली आहे, असं धरून पुढचं सांगते.

१. वॅट विसरा

८५ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर एक वॅट दिला की एक मीटरवर ८५ डेसिबल वाजतो. आपण बसतो अडीच मीटरवर. हळू ऐकणं म्हणजे ६० ते ६५ डेसिबल, शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतपत. हिशेब मांडला तर सरासरी ०.०६ वॅट पुरतो. तबल्याची थाप त्यावर २० डेसिबलने उसळली तरी सहा वॅट. खोक्यावर 'पीएमपीओ', म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, दिसला की खोकं जागच्या जागी ठेवून द्या. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, २० वॅट असली तर चंगळ.

२. वूफर चार ते सव्वापाच इंच

वूफर म्हणजे पेटीतला खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा. तो याहून मोठा नको. छोट्या पेटीला कमीपणा मानणाऱ्यांसाठी एक दाखला देते. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. मोठा स्पीकर मावत नाही आणि हेडफोनवर भागत नाही अशा ठिकाणी, म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत वगैरे, तो वापरायचा होता. उंची जेमतेम फूटभर, वूफर पाच इंची, पेटी बंद, संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास. आजच्या दुकानदाराच्या भाषेत 'कमजोर'. त्याच्या नव्या जोड्या अजूनही बनतात आणि भरपूर महाग विकल्या जातात.

३. पेटी शक्यतो बंद

मागच्या बाजूला भोक, म्हणजे पोर्ट, असलेली पेटी भिंतीला टेकवली की बास फुगतो. आपल्या हॉलमध्ये पेटी भिंतीजवळच राहणार. तेव्हा पेटी बंद घ्या, नाहीतर पोर्ट पुढे असलेली. मागे पोर्ट असलेलीच आवडली तर सोबत फोमचं बूच मिळतं का ते विचारा.

४. हळू वाजवून पारखा

खरी मेख इथे आहे. मीही याच पायरीवर बरेच दिवस अडकले होते, म्हणून जरा सविस्तर.

आवाज कमी केला की आपल्या कानाला सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी ऐकू येत नाहीत. खालचे स्वर आधी गळतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, पुढे त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं. १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर असेल तर १०० हर्ट्झचा स्वर तितकाच मोठा वाटायला ९२ डेसिबलच्या आसपास लागतात, म्हणजे फरक १२चा. तोच वरचा स्वर ४० डेसिबलवर आणला तर खालच्याला ६४ लागतात. फरक थेट दुप्पट. थोडक्यात, दुकानात दणदणीत वाजवल्यावर भरदार वाटलेला स्पीकर घरी रात्री पातळ वाटतो, आणि त्यात स्पीकरचा काहीच दोष नसतो.

म्हणून पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पहिलं वाक्य हे बोला: 'दादा, आवाज मी सांगेन तेवढाच ठेवा.' दादा दोन मिनिटांत वाढवणार. पुन्हा कमी करायला लावा. तिसऱ्यांदा वाढवला तर नॉब स्वतःच्या हातात घ्या, संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत. दोन जोड्यांची तुलना करताना तर हे हवंच, कारण जी जोडी किंचित मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते आणि महागडी जोडी किंचित मोठ्याने वाजवायची हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन जोड्या एका पातळीवर आणायला पुरतं.

ऐकायचं काय? दुकानातला डेमो नको. त्यात काचा फुटतात, हेलिकॉप्टर जातं, आणि काहीही चांगलंच वाटतं. स्वतःच्या मोबाइलवर तीन गोष्टी घेऊन जा.

पहिला, नुसता तानपुरा, पुरुष गायकाच्या पट्टीतला. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. एवढ्या खालचा मूळ स्वर चार इंची वूफर नीट देणार नाही, तो मागूही नका. वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. बघायचं एवढंच की आवाज अगदी कमी केल्यावर चौथी तार 'आली' हे कळतं का, की पंचम आणि जोड वाजून मध्येच पोकळी पडते. मी जोड्या बाद करते त्या बहुतेक इथेच.

दुसरा, विलंबित ख्याल, ठेक्यासकट. डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घुमारा ऐका. तो वर चढताना ऐकू आला पाहिजे. नुसता 'धप्प' आला तर पुढची जोडी लावायला सांगा.

तिसऱ्या, पुरुष निवेदकाच्या बातम्या. आवाज रांजणातून आल्यासारखा घुमत असेल तर त्या स्पीकरने बास मुद्दाम फुगवलेला आहे. हळू ऐकताना सुरुवातीला हा फुगवटा बरा वाटतो, हे खरं. पण रोजच्या बातम्या आणि मालिका त्यातूनच ऐकायच्या असतात आणि आठवड्यात जीव नकोसा होतो. याच बातम्यांवर आणखी एक तपासणी होते. नॉब अगदी सुरुवातीला असताना स्वस्त ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू सारख्या वाजत नाहीत. निवेदक मधोमध न बसता डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. मोठ्या आवाजात हा दोष लपतो, म्हणून कुणी तपासत नाही. उपाय म्हणजे मोबाइलचा आवाज कमी करून नॉब थोडा वर आणणे. तेवढ्यानेही निवेदक मधोमध येत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

५. आत ॲम्प्लिफायर असलेले, म्हणजे ॲक्टिव्ह स्पीकर घेणार असाल तर

दुकानाच्या गलबल्यात कळत नाहीत अशा तीन गोष्टी घरी लगेच तपासा. परत करण्याची मुदत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं ते याचसाठी.

पहिली, सळसळ. काही न लावता, पंखा बंद करून आपल्या जागेवर बसा. ट्वीटरची, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याची, 'स्स्स' कान लावल्यावर आली तर चालेल, सोफ्यावर येता कामा नये. बऱ्याच स्पीकरमध्ये ती आवाज कमी करूनही जात नाही.

दुसरी, घुरघुर. टीव्हीला जोडल्यावर ५० किंवा १०० हर्ट्झची 'हूं' सुरू झाली तर आधी सेटटॉप बॉक्सची केबलची वायर काढून बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. मग टीव्हीपासून स्पीकरपर्यंत ऑप्टिकल केबल टाका, ती आवाज प्रकाशाने नेते, त्यामुळे विजेचा संबंधच तुटतो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी ना कुणी देणारच. घुरघुर जाईल, पण बिघाड झाला तर पेटीला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. हे कधीही करू नका.

तिसरी, आपोआप झोपणं. वीज वाचवण्यासाठी स्पीकर आवाज येत नाही असं समजून स्वतः बंद होतात. हळू ऐकणाऱ्याचा सिग्नल इतका कमी असतो की आलाप चालू असतानाच ते झोपी जातात. मागे ही सोय बंद करायचं बटण असेल तरच घ्या.

६. मांडणी

ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, पेट्या शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका, खाली रबराचे तुकडे. झालं.

फक्त 'भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा' हे मोठ्या घरांसाठीचं वाक्य इथे लावू नका. पेटीचं तोंड भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर आलं की मागून परतणारा आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास पुढच्या आवाजाला मारतो. डग्गा आणि पुरुषाचा आवाज नेमका तिथेच. बंद पेटी भिंतीजवळ ठेवली तर तो खड्डा वरच्या पट्टीत सरकतो आणि भिंतीमुळे बास थोडा वाढतो. हळू ऐकताना तोच तर कमी पडत असतो. कोपरा मात्र टाळा, तिथे सगळंच घुमतं.

७. शेवटची जुळवाजुळव

ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' बटण असेल तर ते हळू ऐकण्यासाठीच दिलेलं आहे, बिनधास्त दाबा. शुद्धतावाद्यांकडे लक्ष देऊ नका. नसेल तर बास तीन-चार डेसिबल वाढवा, त्याहून नको. पंखा एक नंबरवर आणा. पाचवर फिरणारा पंखा आणि हळू वाजणारा तानपुरा यांच्यात पंखाच जिंकतो, मग जोडी कितीचीही असो. आणि एकवर आणल्यावर रेग्युलेटरची खरखर स्पीकरमधून येऊ लागली तर स्पीकर परत करायला पळू नका, आधी रेग्युलेटर बदला.