बी.ए.चा प्रकल्प अन् रिद्धपूरचे ओटे

चक्रधरस्वामींनी स्थापलेल्या महानुभाव पंथावरचा माझा प्रकल्प सरांनी पहिल्यांदा परत केला, तेव्हा राग आला होता. शेरा एवढाच: 'हे कोण म्हणतं?'

पंथाचं तीर्थस्थान, मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, आमच्या गावाहून जवळ. घरचे वारकरी, त्यामुळं मला वाटलं, माहीत आहेच की सगळं! मी लिहिलं होतं, 'हे लोक दगडी ओट्यांची पूजा करतात.' मग तेच पान घेऊन तिथल्या एका वयस्क बाबांकडे गेलो. दंडवत प्रणाम झाला, चहा आला. पान वाचून ते म्हणाले, "काऊन बाबू, दगडाले देव कोण म्हणते? स्वामी जिथं बसले, राह्यले, त्या जागेची खूण आहे ते. नमस्कार त्या स्थानाले."

वाक्य बदललं: 'चक्रधरस्वामी व त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या वास्तव्याच्या जागा ओट्यांनी दाखवल्या आहेत, अनुयायी त्या स्थानांना वंदन करतात.' 'हे लोक' गेलं, 'अनुयायी' आलं.

खरी अडचण चक्रधरांच्या अखेरीची. पंथात म्हणतात, स्वामी उत्तरापंथे गेले, म्हणजे उत्तरेकडे निघून गेले. काही अभ्यासक त्यांची हत्या झाली असं मानतात. आधी मी एकच बाजू ठोकून दिली होती. आता 'पंथाच्या श्रद्धेनुसार' आणि 'काही अभ्यासकांच्या मते' अशी दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली, निकाल दिला नाही. तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' हे चक्रधरांचं चरित्र भक्तानं लिहिलेलं आहे, हेही नोंदवलं. 'महान', 'अंधश्रद्धा' दोन्ही शब्द खोडले. 'महान' खोडताना जास्त जड गेलं.

दुसऱ्या खेपेला शेरा आला: 'संदर्भांची पानं टाका.'