कोर्टात खाजगी तक्रार करताय? या चुका टाळा

तालुका कोर्टाच्या गेटपाशी माझं टायपिंगचं टेबल आहे, वीसेक वर्षं झाली. वकील नाही मी, पण जेएमएफसी साहेबांसमोर (म्हणजे तालुका कोर्टातले मॅजिस्ट्रेट) थेट जाणाऱ्या खाजगी तक्रारी कुठे आपटतात ते बघून बघून डोकं पिकलंय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एनसीचा (ठाण्यातली अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) कागद खिशात घालून घरी बसणं. लोकांना वाटतं एनसी झाली म्हणजे केस सुरू झाली. अहो, अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, म्हणून तर तुम्हाला कोर्टात दाद मागा म्हणून समज देऊन पाठवतात. आणि इकडे कोर्टात तक्रार करायची मुदत पळत असते. नुसती साधी मारहाण असेल (बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता, कलम 115(2)) तर 1 वर्ष, ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याला 6 महिने. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण "पोलीस बघतील असं वाटलं" हे कारण साहेबांना पटवून दाखवा बघू.

दुसरी चूक मीठमसाला. बांधाच्या भांडणातला एक जण आला होता, चुलतभावाने थोबाडीत मारली, शिव्या दिल्या, एनसीत एवढंच. माझ्याकडे आला तोवर गावातल्या हुशार लोकांनी त्याला शिकवलेलं, म्हणे पाच जण लिहा, कुऱ्हाड लिहा, म्हणजे केस जड होते. मी एकदा म्हटलं राहू द्या, तो ऐकेना, मी टाईप करून दिलं (चूक माझीपण). मग शपथेवर जबाब झाला. साहेबांनी एनसी शेजारी ठेवली आणि विचारलं, कुऱ्हाड त्या दिवशी का नाही सांगितली? गडी गडबडला आणि म्हणाला, "साहेब, ते टायपिंगवाल्याने लिहिलं." तक्रार फेटाळली. खरी थोबाडीत बसली होती हो त्याला, तीपण गेली. तेव्हापासून मी आधी एनसी वाचतो, मग तारीख-वेळ-जागा एका कोऱ्या कागदावर गिऱ्हाइकाच्याच हाताने लिहून घेतो आणि त्यापलीकडे एक शब्द टाईप करत नाही. घाई असेल त्याने पुढच्या टेबलावर जावं.

दखलपात्र गुन्हा आहे (पोलीस ऑर्डरशिवाय तपास करू शकतात असा) आणि ठाण्यात एफआयआर घेत नाहीत, तर थेट कोर्टात पळू नका. आधी एसपींना लेखी अर्ज, पोस्टाची पावती जपून, मग बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 175(3) खाली कोर्टात तपासाच्या ऑर्डरसाठी अर्ज, तोही ॲफिडेविटसकट. मोबाईलवरून जुन्या सीआरपीसीच्या 156(3) ची कॉपी मारून आणणारे अजून येतात, 1 जुलै 2024 पासून कायदा बदललाय हे त्यांच्या गावीही नसतं.

समोरच्याला नोटीस गेली म्हणून पेढे वाटू नका. नव्या कायद्यात दखल घेण्याआधीच त्याचं म्हणणं ऐकतात, बीएनएसएसचं कलम 223 बघा, समन्स ही पुढची गोष्ट.

व्हिडिओ नुसता पेनड्राईव्हमध्ये देऊ नका, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं.

आरोपीचा पत्ता "राहणार तिथेच" असा लिहू नका. साक्षीदारांची यादी द्या, तिच्याशिवाय समन्स निघत नाही. प्रोसेस फी (समन्स काढायची फी) वेळेवर भरा. आणि तारखेला स्वतः या, फिर्यादीच गायब राहिला तर आरोपी सुटू शकतो, मग गेटपाशी येऊन माझ्यावर ओरडू नका.