भुताखेतांवर वाचायला बसताय? या चुका टाळा

भुतं आहेत की नाहीत, हा वाद मला इथे घालायचा नाही. या विषयावर नीट वाचायला निघालेले लोक कुठे घसरतात, तेवढंच सांगतो. बहुतेक सगळे त्याच त्या जागी घसरतात.

दहा ठिकाणी छापलंय म्हणून खरं मानणं

ओळखीतला एक कॉलेजचा पोरगा प्रोजेक्टसाठी मुंबईतल्या ‘झपाटलेल्या’ जागांची फाइल घेऊन आला. त्यात एका चाळीतली विहीर होती. पाणी काढताना बाई पडली, तेव्हापासून रात्री दिसते, वगैरे. पुरावा म्हणून लिंकांची ही मोठी यादी. मी म्हटलं, आधी तारखेप्रमाणे लाव. वैतागला, पण लावली. सगळीकडे तीच वाक्यं, तीच विशेषणं, इतकंच काय, एका शब्दाचं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा तेच! सगळ्यात जुन्या मजकुरात काय होतं? ‘असं म्हणतात.’ कोण म्हणतं, बाईचं नाव काय, साल कुठलं, काही नाही. पुढच्याने त्यात ‘बऱ्याच वर्षांपूर्वी’ घातलं, त्याच्या पुढच्याने ‘रहिवासीही दुजोरा देतात’ घातलं. चाळीत जाऊन रहिवाशांना विचारलेला एकही नव्हता.

मग त्याच्या हातात रुस्तम मसानींचं ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ ठेवलं. १९१८ सालचं पुस्तक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या डासांपायी मुंबईतल्या विहिरी बुजवायची किंवा झाकायची मोहीम निघाली, तेव्हा लोक विनवत की नका हो, विहिरीत वस्ती आहे, ती कोपेल. मसानी त्या काळात महापालिकेचे सचिव होते, त्यामुळे हे सगळं त्यांच्या कानावर येत होतं. विहिरीत बाई खरंच दिसते का, हे त्या पुस्तकातून कळणार नाही. पण कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि त्याला ते कुठून कळलं, एवढं तरी ठाऊक असतं. पोराने पुस्तक चाळलं आणि विचारलं, “काका, याची समरी मिळेल का कुठे?” काय बोलणार!

माझी सवय सांगतो. वहीत चार रकाने आखायचे: कोणी पाहिलं, पहिल्यांदा कोणाला सांगितलं, किती दिवसांनी लिहून ठेवलं, मूळ कागद कुठे आहे. रकाने रिकामे राहिले तर ती गोष्ट गोष्ट म्हणून मजेत वाचायची. भुताखेतांसारख्या प्रकारांची चौकशी करायला १८८२ मध्ये लंडनला निघालेली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च साक्षीदाराकडून लेखी जबानी घ्यायची आणि त्याने ज्याला सांगितलं त्यालाही गाठायची. त्यांचेही निष्कर्ष चुकत, पण निदान कागद मागे राहिलेत.

एकच निकाल वाचून पुस्तक मिटणं

उदाहरण आपल्या गिरगावातलंच आहे. गूढविद्येत रमलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले. ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक त्यांनी इथूनच सुरू केलं आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला बिऱ्हाड हलवलं. दूर कुठेतरी राहणाऱ्या गूढ गुरूंची, म्हणजे ‘महात्म्यांची’, पत्रं छतातून टपकतात, अशी त्यांची ख्याती. वर सांगितलेल्या सोसायटीने रिचर्ड हॉजसनला भारतात चौकशीला धाडलं. १८८५ च्या अहवालात त्याने सरळ लबाडी म्हटलं. ‘मी म्हटलं नव्हतं?’ करत नास्तिक मंडळी इथे पुस्तक मिटतात.

पण १९८६ मध्ये त्याच सोसायटीच्या जर्नलमध्ये व्हर्नन हॅरिसनचा लेख आला. हा बनावट कागदपत्रांचा जाणकार. त्याने हॉजसनच्या पद्धतीची सालटी काढली. भक्तमंडळी नेमकी इथून वाचायला लागतात आणि ‘सोसायटीने माफी मागितली’ असं सांगत सुटतात. सोसायटी संस्था म्हणून मत देतच नाही, लेख हा लेखकाचा असतो. आणि हॉजसनने त्या पत्रांचं हस्ताक्षर नीट तपासलं नाही म्हणजे पत्रं आकाशातून आली, असं होत नाही. दोन्ही वाचा, सालाच्या क्रमाने वाचा. एका रविवारात उरकणार नाही, हे मान्य.

आता झटपट

लोकसाहित्य म्हणजे पुरावा नव्हे. मुंजा, हडळ, समंध, झोटिंग, देवचार यांच्यासाठी एन्थोव्हेनचं १९२४ चं ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ उत्तम. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्याने गोळा केलेल्या सामग्रीतून ते उभं राहिलं. ती माहिती बरीचशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली. लोक काय मानत, ते त्यातून कळतं. पिंपळावर मुंजा आहे का, ते नाही.

फोटोवर भाळू नका. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावच्या पऱ्यांचे फोटो १९१७ पासूनचे, ते बनावट असल्याची काढणाऱ्या मुलींची कबुली थेट १९८३ मध्ये.

‘विज्ञानाने सिद्ध केलंय, १९ हर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज म्हणजे भूत’, हाही शॉर्टकटच. हे जिथून आलं तो विक टँडी या इंजिनिअरचा १९९८ चा लेख एका प्रयोगशाळेतल्या पंख्याच्या अशा आवाजाबद्दल आहे. त्यातून जगातली सगळी भुतं निकालात काढू नका.

भूत शोधायला विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर घेऊन फिरणाऱ्यांचे व्हिडिओ वाचनात धरत नाहीत. भिंतीतली वायरही तो मीटर हलवते.

मोबाइलने सुचवलेलं पुस्तक आधी ग्रंथालयाच्या यादीत शोधा. नाव झकास असतं, लेखकही भारदस्त, फक्त पुस्तक अस्तित्वात नसतं.

आणि काउंटरवर जाऊन ‘भुतांची पुस्तकं द्या’ म्हणू नका, भयकथा मिळतील. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात लोकसाहित्य विचारा, दाभोलकरांची पुस्तकंही तिथेच मागा. टाउन हॉलात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाणं जमत नसेल तर त्यांचं डिजिटल दालन ‘ग्रंथसंजीवनी’ घरबसल्या उघडतं. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन, पुस्तकं लावलेल्या कुठल्याही ग्रंथालयात ३९८ म्हणजे लोकसाहित्य आणि १३३ म्हणजे अतींद्रिय प्रकार. मात्र १३३ च्या कपाटात ज्योतिष आणि हस्तरेषाही खच्चून भरलेल्या असतात, तेव्हा पुस्तकं जरा बाजूला सारूनच शोधावं लागेल.