अंगावर पाजताना छाती दुखायलीय? दूध अडकलंय की इन्फेक्शन, असं ओळखा

पहिल्या बाळंतपणाला मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूरकडं माहेरी होते, विसाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, घरच्यांना वाटलं बाळंतिणीला वारं लागलं, शेगडी अजून पेटवली, आणि मी लाजेनं छातीचं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या तेव्हा त्यांनी बघितलं. म्हणून हे लिहायलेय.

आधी पाजून झाल्यावर उजेडात दोन्ही बाजू बघा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं तेव्हा दोन्हीकडं दगडासारखं घट्ट होतं, ते इन्फेक्शन नव्हे. एकाच जागी छोटी गाठ आहे पण ताप नाही, तर बहुतेक दूध अडकलंय. पण एकाच बाजूला कलिंगडाच्या फोडीसारखा पट्टा लाल, गरम, हात लावू देईना असा झालाय आणि फ्लूसारखं अंग मोडून आलंय, तर इन्फेक्शन धरून चाला. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताची पाठ दोन्हीकडं लावून फरक बघा. बोंडीला चीर पडलीय का तेही बघा, जंतू तिथनंही शिरतात.

मग थर्मामीटर लावा. शेगडीजवळ बसून अंग तसंही गरम लागतं, त्यामुळं हाताचा अंदाज नको, जरा लांब बसून मगच मोजा. 101 फॅरेनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप कमी असला तरी 24 तासांत उतार नसेल तर जायचंच.

पाजणं मात्र थांबवू नका! दूध नासलंय, बाळाला बाधेल असं म्हणतात ते खरं नाही, उलट एकदम बंद केलं तर दूध तुंबून गळू व्हायची भीती वाढते. तेल लावून जोरात चोळणं, पिळणं नको, त्यानं सूज वाढते, आणि पंपानं सारखं रिकामं करत बसू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा, बाळाला भूक लागेल तसं पाजा.

अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पुरा करा. 48 तासांनीही ताप किंवा गाठ तशीच असेल तर आत पू झालाय का ते सोनोग्राफीत कळतं, पू असला तर बऱ्याचदा सुईनं काढतात.

गुंगी येतेय, छाती धडधडतेय, दम लागतोय असं झालं तर थांबू नका, 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात कन्नड येत नाही म्हणून गप्प बसू नका, तापाला ‘ज्वर’ आणि दुखण्याला ‘नोवु’ म्हणून जागा दाखवली तरी नर्सला कळतं.