गाडीच्या कंपनी-फिटेड स्टिरिओचा आवाज आपोआप कमी-जास्त होतोय? आधी हे बघा
नवा स्टिरिओ घ्यायला धावायच्या आधी सेटिंग बघा. सिग्नलला थांबलं की आवाज कमी आणि हायवेला लागलं की जास्त होत असेल तर तो बिघाड नाहीच, बऱ्याच गाड्यांत वेगाप्रमाणे आवाज वाढवायची सोय असते, साउंड सेटिंगमध्ये स्पीड व्हॉल्यूम किंवा एसव्हीसी अशा नावाने सापडेल, ती ऑफ करून एक चक्कर मारून बघा. रेडिओ ठणठणीत आणि फक्त ब्लूटूथवरच आवाज बारीक, तर फोनचा मीडिया व्हॉल्यूम वाढवा. एकाच बाजूने येतोय? बॅलन्स (डावी-उजवी बाजू) आणि फेडर (पुढची-मागची बाजू) मध्यावर आणा, पोरं बटणं दाबतात आणि आपल्याला पत्ताच नसतो.

आता खरा त्रास. नॉब वाढवायला फिरवला की आवाज उलट कमी होतो किंवा उड्या मारतो, जुन्या गाडीत हे खूप दिसतं, कारण नॉबमागच्या एन्कोडरच्या, म्हणजे नॉब कुठे आणि किती फिरला ते ओळखणाऱ्या भागाच्या, कॉन्टॅक्टवर धूळ आणि काट बसते. स्टिरिओ बंद ठेवून नॉब दोन्हीकडे ३०-४० वेळा फिरवा, कधीकधी तेवढ्यानेच सुधारतं. नाहीच तर नॉब हलकेच ओढून काढा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा, नीट सुकू द्या मग चालू करा. गंजासाठीचा तेलकट स्प्रे मात्र अजिबात नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि स्टिअरिंगवरच्या बटणांनी आवाज व्यवस्थित कमी-जास्त होत असेल तर दोष बहुतेक नॉबचाच आहे, कुणी पूर्ण युनिट बदला म्हणालं तरी लगेच तयार होऊ नका.