गेममधल्या फुटबॉल मॅचचा प्रिव्ह्यू कसा लिहाचा
राजेहो, प्रिव्ह्यू म्हणजे मॅचच्या आधी लिहिलेला अंदाज, नुसतं ‘आपलाच गडी जिंकते’ असं नाही. आधी गेम कोणता ते सांगा, २०२१ मध्ये पेसचं (प्रो इव्होल्यूशन सॉकर गेमचं) ई-फुटबॉल झालं अन २०२३ मध्ये फिफाचं ईए स्पोर्ट्स एफसी, लोकं अजून घोटाळा करतात. मंग खेळणाऱ्या दोघायच्या मागच्या चार-पाच मॅचचं रेकॉर्डिंग पाहा, स्कोअर कमी, गोल कसे खाल्ले ते जास्त. सारखा प्रेस करणाऱ्याची, म्हणजे बॉल हिसकाले समोरच्याच्या अंगावर धावणाऱ्याची, टीम सत्तराव्या मिनिटाले दमते, प्लेयरचा स्टॅमिनाच संपते ना, अन समोरचा तोवर शांतपणे मागं मागं पास फिरवत बसला असन तर मॅच तिथंच पलटते, हे लिहाच. फॉर्मेशन, म्हणजे मैदानावर गडी कसे उभे केले ते, दोन ओळीत. नेटचंही पाहा बावा, आमच्याकडं लाईन गेली का टॉवरही झोपते. शेवटी अंदाजाचा एकच स्कोअर द्या, २-१ म्हणजे २-१.