‘राष्ट्रवादामुळे युद्ध झाले’ एवढ्यावर थांबू नका

नौपाड्यात माझ्याकडे स्पर्धा परीक्षेच्या मेन्सच्या (मुख्य परीक्षेच्या) तयारीला मुलं दिव्याहून, कळव्याहून, पार घोडबंदर रोडच्या टोकाहून येतात. बहुतेकांच्या पहिल्या उत्तरात एक वाक्य हमखास सापडतं : ‘उग्र राष्ट्रवाद हे या युद्धाचे प्रमुख कारण होते.’ त्याखाली मी लाल रेघ मारते आणि समासात लिहिते, ‘कोणाचा? आणि तेव्हाच का?’ राष्ट्रवाद युद्धाच्या आधीची कित्येक वर्षंही होताच की. मग भडका त्याच महिन्यात का उडाला, हे उत्तरात यायला हवं.

त्यासाठी कोरा कागद घ्या आणि नुसत्या तारखा मांडा. सुरुवात फॉकलंडपासून करा, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या ज्या बेटांवर अर्जेंटिना हक्क सांगतो तिथून; तिथे सगळं उघड दिसतं. अर्जेंटिनात लष्करी राजवट होती, महागाईने लोक पिचले होते, बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया प्लाझा दे मायो या चौकात फेऱ्या घालत होत्या. ३० मार्च १९८२ ला ब्यूनस आयर्समध्ये कामगार राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. २ एप्रिलला सैन्य बेटांवर उतरलं आणि त्याच प्लाझा दे मायोत लोक झेंडे घेऊन जल्लोष करायला जमले. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा दिव्याचा एक मुलगा ताडकन म्हणाला, “मॅडम, मध्ये तीनच दिवस?” हो, तीनच. बेटं आपली आहेत ही भावना तिथे खरी होती आणि १८३३ मध्ये ब्रिटनने ती घेतली तेव्हापासूनची होती. तिला हात घालायची वेळ मात्र जनरलांनी निवडली. १४ जूनला शरणागती झाली, तोवर अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले होते. राजवटीचा प्रमुख जनरल गाल्तिएरी याची खुर्ची त्याच आठवड्यात गेली.

मग आठवणी तपासा. १९८९ च्या २८ जूनला युगोस्लाव्हियातल्या सर्बियाचा नेता मिलोशेविच कोसोवोत गाझिमेस्तानला अफाट जनसमुदायापुढे बोलला. निमित्त होतं सर्बांच्या स्मृतीत तुर्कांकडून झालेला पराभव म्हणून राहिलेल्या १३८९ च्या लढाईला सहाशे वर्षं झाल्याचं. सशस्त्र लढाईची शक्यताही अजून नाकारता येत नाही, असं तो त्या भाषणात म्हणाला. दोन वर्षांत युगोस्लाव्हिया फुटू लागला. पानिपत म्हटलं की आपल्याही घशात आवंढा येतो, त्यामुळे जुन्या पराभवाची ताकद मराठी मुलांना वेगळी समजवावी लागत नाही. म्हणूनच नेता कोणतं साल उचलतो आणि मधली कोणती शतकं गाळतो, हे टिपायची सवय लावा. ही मुलं उद्या जिल्हा सांभाळणार आहेत. जमाव कशाने पेटतो आणि कोण पेटवतं, हे त्यांना मार्कांपलीकडेही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जमीन आणि पोट विसरू नका. १९६९ चं होंडुरास आणि एल साल्वाडोरचं युद्ध फुटबॉलच्या नावाने ओळखलं जातं, पण सामने नुसतं निमित्त. होंडुरासने जमीनसुधारणेच्या नावाखाली साल्वाडोरी शेतकऱ्यांना हुसकावलं होतं, खरा राग तिथला.

शेवटी एक उदाहरण असं द्या जिथे दोन अस्मिता भिडल्या, पण युद्ध झालं नाही. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या ऑलंड बेटांवरचे लोक स्वीडिश बोलणारे आणि त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटं फिनलंडकडे ठेवली, पण भाषा आणि स्वायत्तता यांची हमी देऊन. आजही ती व्यवस्था टिकून आहे. अडीचशे शब्दांच्या उत्तरात याला तीन ओळी द्याच. बहुतेक जण हे लिहीतच नाहीत.

सरावाला थायलंड-कंबोडिया सीमेवरचं प्रेह विहेअरचं देऊळ घ्या. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचं ठरवलं, २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि थायलंडच्या सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या. ‘तेव्हाच का’ याचं उत्तर शोधताना त्या वर्षी बँकॉकच्या रस्त्यांवर सरकारविरुद्ध कोण उतरलं होतं, तिथून सुरुवात करा.